मूळ फाइल

जठारपेठ, अकोला
९ फेब्रुवारी २०२५

रागिणी बेटा,

बत्तीस वर्षांनी हातानं पत्र लिहून राहिलो. अक्षर पाहून घाबरू नको, तुझ्या मामाच्या डोक्याला काही झालेलं नाही, नुसती बोटांची सवय मोडली आहे. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतली पोरगी म्हणाली, "काका, स्पीड पोस्ट का?" म्हटलं, "नाही वो माय, सादंच दे. घाई नाही."

घाई आहे खरं तर. तू घर सोडून दोन महिने झाले, आणि तुझा आवाज कानावर नाही. पण तुझं म्हणणं पटलं म्हणून गप आहे. जिच्या नवऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, जिच्या फोनमध्ये त्यानं काय काय घालून ठेवलं होतं, ती बाई फोन विहिरीत टाकून पळाली तर तिला कोणी येडी म्हणू नये. आणि मजा पाहा. मी चौदा वर्षं ब्लॉगवर लोकांना सांगतो, हा फोन घ्या, तो घेऊ नका, आणि माझीच भाची विनाफोनची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तुझी माय, म्हणजे आमची आशाताई, काल पुन्हा पत्ता विचारत होती. मी दिला नाही. ती माझी बहीण आहे म्हणून सांगतो, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. शिवाय पियुष जाऊन पाया पडला की ती विरघळते. "पोरगी नवऱ्याच्या घरीच शोभते" हे तिचं एकच गाणं. तेव्हा तुझा पत्ता फक्त मला माहीत आहे, आणि पाकिटावरही तुझं नाव नाही, तुझ्या घरमालकिणीचं आहे. त्यांना सांग, राग मानू नका, चोरून तुमच्या नावानं पत्र येईल.

पियुष माझ्याकडेही दोनदा येऊन गेला. गोड बोलला. चहा प्यायला. "मामाजी, ती कोठी हाये ते फक्त सांगा." म्हटलं, मला ठाऊक नाही. उठताना माझ्या कॉम्प्युटरकडे पाहून म्हणाला, "अजून ब्लॉग लिहिता का तुमी?" खोटं कशाला सांगू, क्षणभर बरं वाटलं. माझा फोटो स्टुडिओ बंद पडल्यापासून मला हे कोणी विचारतच नाही.

कळव कशी आहेस. आणि लिहिताना मी असा पुण्यासारखा लिहितो म्हणून हसू नको, ब्लॉगची सवय आहे. बोलताना अजून वऱ्हाडीच आहे.

तुझा मामा,
देवानंद

*

राजापेठ, अमरावती
१७ फेब्रुवारी

मामा,

पत्र भेटलं. तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यावानी हाय, पण तीन खेपा वाचलं.

मी बरी हाय. खोली दुसऱ्या मजल्यावर, खाली ट्युशन क्लास. संध्याकाळी दोनशे पोट्टे गाड्या लावतेत, हॉर्न मारतेत, एकमेकाईले शिव्या देतेत. मले त्या गोंधळात बरं वाटते. घरमालकीण माणिकबाई, सत्तरीची. एकटीच राहते. खोली पाहाले गेली तर भाडं सांगायच्या आधी विचारलं, "शेपू खातेस का? मले एकटीले जुडी सरत नाही." मी खाते म्हणलं अन् खोली भेटली. आता हप्त्यातून दोनदा शेपू हाय नशिबात.

काम नांदगाव पेठेच्या कारखान्यात. शर्टाच्या कॉलरी शिवते. साडेसहाले चौकात कंपनीची बस येते. माह्या बाजूच्या मशीनवर मोनाली बसते, तिनंच हे काम लावून देलं. माही खोली फक्त तिनं पाहिली हाय, दुसऱ्या कोणालेच माहीत नाही. डब्यात तिच्या मायच्या हातची चटणी असते, अर्धी मले देते. अशी मैत्रीण मले शाळेपासून नव्हती.

भेव अजून जात नाही मामा. कोणाच्या खिशात फोन वाजला की मी दाराकडे पाहते. तुमाले एक गोठ सांगते, कोणाले सांगितली नव्हती. पियुष संध्याकाळी दुकानातून आला की मले बाजूले बसवे अन् फोनमधी नकाशा दाखवे. दिवसभर मी कोठी कोठी गेली त्याची निळी रेघ. "चार वाजून दहा मिनटानं तू या गल्लीत काहून थांबली? सहा मिनटं काय करून राहिली होती?" चप्पल तुटली होती मामा, ती शिवाले थांबली होती. मारलेलं मी विसरते, तो नकाशा विसरत नाही.

या एखाद्या ऐतवारी. पण फोन घरी ठेवून या.

रागिणी

*

अकोला
१२ मार्च

रागिणी,

ऐतवारची भेट अजून डोळ्यापुढे आहे. तू अंगानं भरलीस. माणिकबाईंनी मला शेपू वाढली तेव्हा तू तोंडावर पदर घेऊन हसलीस, ते मी पाहिलं बरं का. आणि फोन मी खरंच घरी ठेवला होता, पिशवी उलटी करून दाखवली ना तुला? कॅमेरा तेवढा गळ्यात होता. तो काढला तर मला कपडे काढल्यासारखं वाटतं, हे तुझी मामी होती तेव्हापासून जगजाहीर आहे.

आता एक मागणं. तू खिडकीपाशी उभी होतीस, सकाळचं ऊन होतं, तुझा हात गजावर, बोटाला सुई लागली म्हणून बांधलेली चिंधी, आणि चौकटीत पालथा घातलेला स्टीलचा पेला. तेव्हा मी एक फोटो घेतला. पोरी, चाळीस वर्षं फोटो काढून राहिलो. लग्नं काढली, बारशी काढली, मयतीही काढल्या. पहिल्या लग्नात अर्धा रोल भिंगावरचं झाकण न काढताच काढला होता, त्यावरूनच ब्लॉगचं नाव "झाकण काढा" ठेवलं. पण असा फोटो माझ्या हातून झाला नव्हता. नुसता एक हात आहे, पण तो हात कोणाला भीत नाही.

तो ब्लॉगवर टाकावा असं मनात आहे, सोबत एक लेख. फोनशिवाय जगणाऱ्या एका मुलीबद्दल. नाव नाही, गाव नाही, नातं नाही.

माझा ब्लॉग म्हणजे काही त्या मोठाल्या साइटी नव्हेत, हे तुला माहीतच आहे. तिथं लोकाच्या ओसरीवर बसायचं, मालक उठ म्हणाला की उठायचं. आणि फोटोचं तर ते पार सोलून चिपाड करतात. माझ्याकडे माझं घर, माझा कायदा. प्रत्येक फोटोखाली कॅमेरा कोणता, भिंग कोणतं, उजेड किती हे लिहितो, आणि खाली "मूळ फाइल" अशी कळ असते. ती दाबली की फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच, सालीसकट मिळतो. शिकणाऱ्याला शिकता यावं म्हणून. आजवर कोणी शिकलं नाही ही गोष्ट वेगळी.

पण हो, नवल सांगायचं राहिलं. महिनाभरापासून मला एक वाचक लागला आहे! ब्लॉगच्या कोपऱ्यात मोजणी आहे, कोणत्या गावाहून किती जण आले ते दाखवते. अकोल्याचा कोणीतरी रोज येतो. २०११ पासूनचं एकेक पान उघडून राहिला. परवा एका दिवसात चाळीस पानं वाचली त्यानं. म्हातारपणी देव असा पावतो.

तुझं हो असेल तरच टाकीन.

मामा

*

राजापेठ
१९ मार्च

मामा,

फोटोचा दोन दिवस विचार करून राहिली होती. माणिकबाईले विचारलं तर म्हणे, "हाताचाच हाय न? मंग टाकू दे बिचाऱ्याले, कॅमेऱ्याशिवाय त्याले आहे कोण?" मोनाली पण म्हणे टाकू दे.

मले एकच सांगा. त्याच्यातून काही समजणार नाही न? मले या मशिनीतलं काही समजत नाही, तुमाले समजते. तुमी म्हणलं नाही समजणार, तर टाका.

अन् तो वाचक कोण हाय ते विचारून तर पाहा. इतका शिकून राहिला तर घरी बोलवा, चहा पाजा.

काल पहिल्यांदा एकटी इतवाऱ्याच्या बाजारात गेली अन् पाच मिनटं नुसतीच उभी राहिली, काही काम नसताना. कोणी काही विचारलं नाही. तुमाले समजते न मी काय म्हणून राहिली ते?

रागिणी

*

अकोला
७ एप्रिल

रागिणी,

गुढीपाडव्याला लेख टाकला. "खिडकीतला हात". तुझ्या प्रश्नाचं उत्तर पत्रानं द्यायचं राहिलं, आता देतो. काहीही समजणार नाही. चौदा वर्षं हेच काम करून राहिलो पोरी, कोणत्या फोटोतून काय दिसतं हे मला कळत नसेल तर कोणाला कळणार? गावाच्या जागी मी फक्त "वऱ्हाड" लिहिलं. एवढ्या मोठ्या वऱ्हाडात एक खिडकी! शोधणाऱ्याचा जन्म जाईल.

लेख उतरला मात्र झकास. एक सांगलीचे गृहस्थ लिहितात, डोळे भरून आले. आणि तो आपला अकोल्याचा वाचक! त्यानं ते पान एका दिवसात एकोणीस वेळा उघडलं, आणि काल मूळ फाइल उतरवून घेतली. ऐकलंस का? मूळ फाइल! या चौदा वर्षांत ती कळ तीन वेळा दाबली गेली, आणि तिन्ही वेळा मीच दाबली होती, चालते की नाही पाहायला. आज वाटतं, एक तरी माणूस तयार झाला.

त्याला विचारायची सोय नाही, मोजणी फक्त गाव सांगते, माणूस नाही. पण येईल कधीतरी समोर.

तुझ्या इतवाऱ्यातल्या पाच मिनिटांचं वाचून मी चष्मा पुसला.

मामा

*

अमरावती
१६ एप्रिल

मामा,

दवाखान्यातून लिहून राहिली. मी ठीक हाय, आधी तेच सांगते.

ऐतवारी सकाळी पियुष आला होता. मी भाजी आणाले गेली होती, म्हणून वाचली. परत आली तर खाली गर्दी, क्लासचे पोट्टे जिन्यापाशी, अन् माणिकबाई खालच्या पायरीवर पडलेली. साडी वर गेली होती तिची, एका पोट्ट्यानं आपलं जॅकेट टाकलं होतं पायावर. खुब्याचं हाड मोडलं. तो वर चढला तं बाई आडवी झाली म्हणे, दोन्ही हात पसरून. "पोरगी अठी राहत नाही." त्यानं ढकलली. सत्तर वर्षांची बाई, मामा.

पोट्ट्याईनं त्याले वरच धरलं. तो पळत नव्हता म्हणे. माह्या खिडकीपाशी उभा होता, फोनमधी काहीतरी लावून खिडकीशी ताडून पाहून राहिला होता. पोलीस घेऊन गेले. तिथं म्हणे, बायको माही हाय, मी न्यायला आलो.

मले एक समजत नाही. क्लासचे पोट्टे सांगतेत, त्यानं कोणालेच पत्ता विचारला नाही. गाडी लावली अन् सरळ दुसऱ्या मजल्यावर. कोणीतरी सांगितलं त्याले. अन् तुमाले सोडून खोली फक्त मोनालीले माहीत होती. मामा, पंधरा दिवसांआधी तिच्यापाशी नवीन फोन आला. तवा मी विचारलं नाही कोठून आला. नवऱ्याचं मोबाइलचं दुकान, अन् मैत्रिणीपाशी नवा फोन. आणखी काय समजाचं रायलं?

मी काल बसमधी सगळ्याईसमोर तिले बोलली. काय काय बोलली ते लिहवत नाही. ती डबा उचलून मागच्या सीटवर जाऊन बसली.

तुमी या. लवकर या.

रागिणी

*

अकोला
२३ एप्रिल

रागिणी,

पत्र पोचलं. माणिकबाईंना सांभाळ. माझा गुडघा धरला आहे, डॉक्टरनं प्रवास करू नको म्हटलं, नाहीतर आलोच असतो.

मोनालीचं काय बोलू. माणसाचं सांगता येत नाही. तू त्या भानगडीत पडू नको, स्वतःला जप.

ब्लॉग काही दिवस बंद ठेवला आहे. जरा डागडुजी काढली.

मामा

*

नांदगाव पेठ
१४ मे

मामा,

माणिकबाई ९ तारखेले गेली. पडून पडून छातीत कफ झाला. डॉक्टर म्हणे हे पडल्यामुळंच. तिचा पोरगा चंद्रभान नागपूरवरून आला, त्यानं माह्याकडे पाहिलं नाही, अन् मी पण त्याच्याकडे पाहू शकली नाही. खोली खाली केली. आता कंपनीच्या एका ताईच्या घरी झोपते, पत्र कारखान्याच्या पत्त्यावर टाका.

मोनालीनं काम सोडलं. लाइनीतल्या बायाईनं तिच्याबरोबर डबा खाणं बंद केलं होतं, मी काही म्हणलं नव्हतं त्याईले, पण बंद करा असंही नाही म्हणलं. जाताना तिनं नव्या फोनचं बिल माह्या मशीनवर ठेवलं. तिच्या भावाच्या नावाचं. मी हात लावला नाही, वाऱ्यानं खाली पडलं.

काल पोलिसात बोलावलं होतं. पियुष जामिनावर सुटला होता, आता माणिकबाई गेली म्हणून पुन्हा आत नेला. किती दिवस ते माहीत नाही. साहेबानं मले त्याच्या फोनमधला एक फोटो दाखवला. "ही तुमची खिडकी का?" माहीच होती. माहा हात, माही चिंधी. तुमचा फोटो, मामा.

तुमी म्हणलं होतं काही समजणार नाही. मंग त्याले कसं समजलं?

तुमी महिनाभर आले पण नाही. गुडघा खरंच दुखते का?

रागिणी

*

अकोला
१९ मे

रागिणी,

गुडघा दुखत नाही.

सरळ लिहितो. मोनालीनं काही सांगितलं नाही. मी सांगितलं. तोंडानं नाही, फोटोनं.

मी फोन घरी ठेवला होता. पण माझ्या कॅमेऱ्यात उपग्रहाकडून जागा टिपायची सोय आहे. तो फोटो काढतो तेव्हा तारीख लिहितो, वेळ लिहितो, आणि आपण पृथ्वीवर नेमके कुठं उभे आहोत तेही फोटोच्या पोटात लिहून ठेवतो. वरून दिसत नाही. मूळ फाइल उघडून माहिती पाहिली की आकडे दिसतात, ते नकाशात टाकले की घर सापडतं. मी त्यावर २०१६ साली लेख लिहिला होता, "फोटोनं आपला पत्ता विसरू नये". मोठ्या कौतुकानं. पियुषनं तोही वाचला असणार, सगळं तर वाचत होता. तो अकोल्याचा वाचक पियुष होता. त्याला चहा पाजा म्हणालीस तू. पाजला होता पोरी, जानेवारीतच पाजला होता.

आणि ऐक. ज्या साइटींना मी शिव्या देतो, त्या फोटो लोकांना दाखवण्याआधी ते आकडे पुसून टाकतात. तो फोटो मी लोकाच्या ओसरीवर टाकला असता तर माणिकबाई जिती असती. माझं घर, माझा कायदा, सालीसकट! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल रिकामा राहिला नाही, दुसऱ्याच्या अंगावर गेला.

तुझं १६ एप्रिलचं पत्र वाचलं, "खिडकीशी ताडून पाहत होता" या ओळीवर आलो, आणि मला तिथंच समजलं. फाइल उघडून पाहिली. आकडे होते. नकाशात टाकले. राजापेठ, तुमची गल्ली, तुमची इमारत. मजला तर गज आणि चौकटीतला पेला पाहून खालूनच ओळखू येतो. त्याच दिवशी तुला लिहायला हवं होतं. मी त्याऐवजी ब्लॉग बंद केला आणि "माणसाचं सांगता येत नाही" असं लिहून तुला पाठवलं. ती ओळ मी मोनालीबद्दल लिहिली, आणि लिहिताना मला माहीत होतं की ती माझ्याबद्दल आहे.

का लपवलं? मले भेव वाटलं, रागिणी. तुही मामी गेल्यावर माह्यापाशी तू अन् तो कॅमेरा, एवढंच उरलं होतं. कॅमेऱ्यानं दगा देला, आता तू पण जाशील, एवढंच डोक्यात. रोज म्हणलं उद्या सांगतो.

परवा दर्यापूरला गेलो होतो, मोनालीच्या मायच्या घरी. मोनाली अंगणात पापड वाळत घालून राहिली होती. उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. एकच विचारलं, "काका, तुमी एक महिना काहून थांबले?" तिनं पाणी दिलं, मी प्यायलो, आणि निघालो. तुला पत्र लिही म्हणालो तर म्हणाली, पाहू.

तिथून अमरावतीला येऊन पोलिसात लेखी दिलं. ब्लॉगची मोजणी, मूळ फाइल कोणत्या दिवशी उतरवली, सगळं. साहेब म्हणाले, त्यानं ठरवून शोधलं हे यातून सिद्ध होईल. तुझ्या कारखान्याच्या फाटकापर्यंत आलो होतो. आत यायची हिंमत झाली नाही.

माफी मागायलाही तोंड नाही. तरी मागतो.

देवानंद

*

मामा,

तारीख अन् गाव मुद्दाम लिहिलं नाही. पाकिटावरचा शिक्का पाहू नका, मी हे दुसऱ्याच्या हातानं दुसऱ्याच गावातून टाकणार हाय.

राग हाय. फोटोचा नाही. ते तुमाले माहीत नव्हतं, अन् मी हो म्हणलं होतं. खरं सांगते, तो हात मले पण आवडला होता.

राग त्या महिन्याचा हाय. माणिकबाई त्या महिन्यात शुद्धीवर येये अन् दर खेपेले एकच विचारे, "कोणं सांगितलं वो त्याले?" मी म्हणे, मोनालीनं. तिले मोनाली लय आवडे मामा, तिच्यासाठी शेपू बाजूले काढून ठेवे. मरायच्या आदल्या दिवशी ती म्हणे, "त्या पोरीचं वाटोळं होईल." असं म्हणून गेली ती. तुमचं एक पत्र वेळेवर आलं असतं तर मी तिच्या कानात सांगितलं असतं, बाई, ती नव्हती. आता मेलेल्या बाईले कसं सांगू? अन् मोनालीले काय सांगू? तिले मी पत्र टाकलं. तिनं उत्तर नाही देलं, बरोबरच केलं.

तुमाले पत्ता देत नाही. आईलेही नाही. कोणालेच नाही. तुमच्यावर भरोसा नाही म्हणून नाही, असं लिहणार होती, पण खोटं काहून लिहू. भरोसा नाही राहिला.

ब्लॉग चालू करा. मी कधी कोणाच्या कॉम्प्युटरवर पाहीन, तुमी जिते हाय एवढं समजेल. फोटो टाकू नका. वाट पाहू नका.

रागिणी

*

"झाकण काढा"
२२ जून २०२५

वाचणाऱ्यांना नमस्कार. दोन महिने ब्लॉग बंद होता. आता चालू केला आहे, पण काही गोष्टी बदलल्या आहेत, त्या आधी सांगतो.

जुने सगळे फोटो काढून टाकले. एकोणीसशेच्या वर होते. "मूळ फाइल" ही कळ आता कुठंच नाही. तुम्ही यापूर्वी इथून एखादी फाइल घेतली असेल तर कृपा करून पुसून टाका. ज्यांचं स्वतःचं पान आहे, स्वतःचा कॅमेरा आहे, त्यांनी फोटो टाकण्याआधी त्याच्या पोटात काय लिहिलंय ते उघडून पाहा. मी पाहिलं नाही. एक बाई गेली. एका निर्दोष मुलीला बोल लागला, आणि तो लागताना मी गप बसलो. यापेक्षा जास्त इथं लिहिणार नाही, कारण ती नावं माझी नाहीत.

कॅमेरा पोलिसांकडे जमा आहे. परत मिळाला तरी गळ्यात घालीन असं वाटत नाही. मान हलकी वाटते, आणि ते बरं वाटत नाही.

शेवटचं एक. ब्लॉगच्या कोपऱ्यात मोजणी होती, कोणत्या गावाहून कोण आलं ते दाखवायची. आज सकाळी ती काढली. काढण्याआधी पंधरा मिनिटं हात माउसवर ठेवून बसलो होतो. ती ठेवली असती तर एखाद्या दिवशी एखादं नवं गाव दिसलं असतं, आणि मला समजलं असतं. म्हणूनच काढली. माझ्याजवळ ते गाव असायला नको. माझ्याजवळ असलेली गोष्ट कोणाच्या हाती जाते ते मी पाहिलं आहे.

तेव्हा आता या पानावर कोण आलं, कुठून आलं, मला दिसत नाही. कोणी आलं की नाही हेही दिसत नाही. रोज सकाळी दोन ओळी लिहीन. आशाताई बरी आहे, तिच्या दारातल्या लिंबाला फुलं आली आहेत. तिनं आता पत्ता विचारणं बंद केलं. मीही शेपू करायला शिकलो, जुडी मला एकट्याला सरत नाही.

जेवली का?